तिसरी किल्ली

जिन्याखालच्या त्या खोपटात उभे राहायचे तर मान वाकवावी लागे. मावशी तिथे इतकी वर्षे बसल्या होत्या, की बाहेर रस्त्यावरही त्यांची मान तशीच राही आणि नजर समोरच्याच्या चेहऱ्याऐवजी त्याच्या हातांवर जाई. गिऱ्हाईक काय बोलते याच्या आधी ते काय घेऊन आले आहे, हे त्यांना कळलेले असे. हातात किल्ली असेल तर प्रश्नच नव्हता. कोरी किल्ली मशीनवर चढवायची, खाचा पाडायच्या, कानस फिरवून कडा बोथट करायच्या, फडक्याने पुसून हातात ठेवायची. हातात नुसतेच कुलूप असेल तर मात्र काम सुरू होण्याआधी एक प्रश्न येई. "कुणाचं?"

हा प्रश्न त्या भागात जरा कुप्रसिद्धच होता. नवऱ्याची बॅग घेऊन आलेल्या बायका, भागीदाराच्या खणाचे कुलूप उचकटून आणलेले दुकानदार, म्हाताऱ्या सासूची पेटीच काखोटीला मारून आलेली सून, सगळ्यांना एकच उत्तर मिळे: मालकाला घेऊन या, मालक समोर असेल तर उघडून देते. त्यावर कुणी हसे, कुणी चिडे, कुणी मावशींनाच चार शब्द सुनावून पलीकडच्या चौकातल्या किल्लीवाल्याकडे जाई. तो काहीही विचारत नसे. त्याचा धंदा मावशींच्या दुप्पट होता. मावशी नाकाने कांदे सोलतात, असे त्याचे मत होते आणि ते तो गिऱ्हाइकांना फुकट देत असे.

हा नियम मावशी कुठे शिकल्या, हे त्यांच्या बालपणात शोधावे लागते. वडीलही हेच काम करत, याच जिन्याखाली. सुट्टीच्या दिवशी लेकीला कानशीला बसवत आणि संध्याकाळी तिच्या हातावर एकदोन नाणी ठेवत. त्यांनीच तिला पत्र्याचा एक डबा दिला, त्याला छोटे कुलूप लावले आणि किल्ली दोऱ्यात ओवून तिच्या गळ्यात घातली. पैसा साठवायला शिक, असे बजावले. मुलीला सायकल हवी होती, जुनी चालली असती. रोज झोपण्याआधी ती डबा दोन्ही हातांनी उचलून बघे. उघडायचा मोह होऊ नये म्हणून तिने उचलण्यापुरतीच परवानगी स्वतःला दिली होती. आणि मग काही दिवसांनी तिला वाटू लागले, की डबा जड होण्याऐवजी हलका होतो आहे.

कुलूप जागच्या जागी. किल्ली गळ्यात. वडिलांच्या कानशीखाली लोखंडाचा भुगा पडताना नेहमी पाहणाऱ्या मुलीने त्यातून काढला तो निष्कर्ष असा: पडून पडून नाणी झिजत असावीत. तिने वडिलांना विचारलेही. बाबा, पैसे झिजतात का हो? वडील इतके हसले, की त्यांना ठसका लागला. ही गोष्ट त्यांनी जेवताना आईला सांगितली, मामाला सांगितली, दुकानात येणाऱ्यांनाही सांगितली. पुढे कित्येक दिवस घरात कुणी काही मागितले की "झिजले बघ सगळे" असा विनोद होई आणि मुलगीही सगळ्यांबरोबर हसे.

एका दुपारी तिने वडिलांना आपल्या डब्यापुढे बसलेले पाहिले. हातात वाकवलेली तार होती. कुलूप असे उघडले, जणू त्याला आतून कुणी हाक मारली. त्यांनी मूठभर नाणी काढली, कुलूप पुन्हा नीट लावले, डबा पूर्वी होता तसाच, कोपऱ्याला कोपरा जुळवून ठेवला. मागे वळल्यावर लेक दिसली, तेव्हाही ते फारसे गडबडले नाहीत. म्हणाले, "घरातलेच पैसे आहेत. घरातच आहेत."

पैसे गेल्याचे मावशींना वाईट वाटले नाही, असे नाही. पण पन्नाशी उलटल्यावरही ही हकीकत सांगताना त्यांचा आवाज चढे तो त्या हसण्यापाशी. घेणारा माणूस हसला कसा? कोणी काय केले हे त्याला ठाऊक होते, आणि तरी त्याने मुलीच्या प्रश्नाची गंमत चार लोकांना वाटली. अडचण असेल, मागायचे होते. मी दिले असते. एवढेच त्या म्हणत, आणि कानस जरा जास्तच जोरात फिरवत.

या पार्श्वभूमीवर शाळेचे काम त्यांच्याकडे आले.

त्या वर्षी घरमालकाने जिन्याखालच्या जागेसाठी सहा महिन्यांचे भाडे आगाऊ मागितले होते. मोबाइलची कव्हरे विकणारा एक तरुण तेवढे द्यायला तयार होता. सत्र संपेपर्यंतची मुदत मावशींनी कशीबशी पदरात पाडून घेतली होती. अशा वेळी जवळच्या शाळेच्या मुख्याध्यापिका स्वतः चालत आल्या. मुलांना बचतीची सवय लागावी म्हणून शाळेने एक उपक्रम आखला होता. प्रत्येक मुलाला पत्र्याचा डबा, वर फट, पुढे कुलूप. डबा मुलाने घरी न्यायचा, वर्षभर पैसे टाकायचे, वर्षाअखेरीच्या समारंभात सगळे डबे व्यासपीठावर उघडायचे आणि ज्याची बचत सर्वांत जास्त त्याला बक्षीस. कुलपे मावशींनी पुरवायची आणि बसवायची. निम्मे पैसे आधी, निम्मे सत्र संपताना. आयुष्यात एवढे मोठे काम मावशींना मिळाले नव्हते. जागा वाचणार होती.

प्रत्येक कुलपाला दोन किल्ल्या, मुख्याध्यापिकांनी सांगितले. एक वर्गशिक्षकांकडे, एक पालकांकडे.

"आणि पोराकडे?"

"पोराकडे कशाला? उघडून बसेल ना तो."

"डबा त्याचाच आहे ना, मॅडम?"

मुख्याध्यापिका बाई काही वाईट नव्हत्या. थकलेल्या होत्या, डोक्यावर शंभर कामे होती, आणि अशा शंकांना हसून बाजूला सारण्याची त्यांना सवय होती. मावशी म्हणाल्या, की मालकाच्या हातात किल्ली दिल्याशिवाय मी कुलूप विकत नाही, पाहिजे तर तिसऱ्या किल्लीचे पैसे लावत नाही. त्यावर बाई म्हणाल्या, "द्या हो, तुमची हौस." आणि निघून गेल्या. हे वाक्य त्यांना पुढे आठवले नाही. मावशींना आठवत होते.

इथे थोडे थांबून त्या उपक्रमाकडे नीट पाहिले पाहिजे, कारण त्यात कुणालाही काही खटकले नव्हते. मुलाला पैसे दिले, पण ते कधी काढायचे हे त्याने ठरवायचे नाही. कशासाठी साठवायचे हे त्याला कुणी विचारले नाही. चूक करून पस्तावण्याची सोय त्यात नव्हती, आणि मोह आवरल्याचे समाधानही नव्हते, कारण ज्याच्याजवळ किल्लीच नाही त्याने मोह आवरला असे म्हणता येत नाही. शिल्लक होती ती फक्त फट. मुलाने पैसे टाकत राहायचे. याला आपण संस्कार म्हणतो. मोठ्या माणसाला कुणी असे वागवले, तर तो तक्रार घेऊन कुठवर जाईल याची कल्पनाच केलेली बरी. मुलाच्या बाबतीत मात्र आपण टाळ्या वाजवतो, आणि वर बक्षीसही ठेवतो, म्हणजे ज्याच्या घरचे जास्त देऊ शकतात त्याचे कौतुक व्यासपीठावर होईल.

मावशी वर्गावर्गांतून फिरल्या. शिक्षक हजेरी घेत असत, मुले एकेक करून डबा घेऊन पुढे येत. कडीतून कुलूप जाई, शिक्षकांची आणि पालकांना पाठवायची अशा दोन किल्ल्या टेबलावर पडत आणि तिसरी मुलाच्या तळहातावर. "नीट ठेव. हरवलीस तर माझ्याकडे यायचं, डबा घेऊन, स्वतः." हे सगळे उजेडात, सर्वांदेखत झाले. शिक्षकांना वाटले, ठरल्याप्रमाणेच चालले असेल.

तिसऱ्या महिन्याच्या आसपास बेकरीतल्या बाईची मुलगी जिन्याखाली आली. चौथीत होती, दोन वेण्या, एक सुटलेली. तिची आई रस्त्यापलीकडच्या बेकरीत गल्ल्यावर उभी राहायची आणि सुट्टीच्या दिवशी ही मुलगी मागच्या खोलीत केकची खोकी दुमडायला बसायची. त्या कामाचे पैसे आई तिला देई आणि ते डब्यात पडत. मुलीला चाकांचे बूट हवे होते. दुकानाच्या काचेमागे ते कुठल्या कप्प्यात आहेत, हेसुद्धा तिने मावशींना सांगितले होते.

तिने डबा फळीवर ठेवला. मुळीच रडत नव्हती. तक्रार घेऊन आली होती, आणि रागात होती.

"मावशी, तुमची किल्ली चुकलीय. हिने दुसऱ्याच कुणाचातरी डबा उघडला."

मावशींनी डबा पाहिला. झाकणावर मुलीने स्वतः चिकटवलेले नाव होते, कोपऱ्यात एक लाल चांदणी होती, आणि कुलपावर मावशींच्या कानशीची खूण होती. आत काही नव्हते. मुलीने फार काळजीपूर्वक मांडलेला युक्तिवाद असा होता: माझा डबा भरलेला आहे, हा रिकामा आहे, म्हणजे हा माझा नाही.

त्या क्षणी मावशींना खोटे बोलणे फार सोपे होते. किल्ली चुकली असेल बाळ, मी बघते, म्हणाल्या असत्या तर मुलगी घरी गेली असती, संध्याकाळी त्यांनी बेकरीत जाऊन आईला चार शब्द सांगितले असते, आईने गुपचूप पैसे परत ठेवले असते. कुणाचेच काही बिघडले नसते. फक्त मुलीला एक खोटे पटवावे लागले असते, आणि ते पटवताना बहुधा थोडे हसावेही लागले असते.

"किल्ली बरोबर आहे," मावशी म्हणाल्या. "डबा तुझाच आहे. घरी विचार."

दोन दिवसांनी बेकरीतली बाई आली. पण ती एकटी नव्हती. मुलीने घरी विचारले होते, नंतर शाळेत इतरांना सांगितले होते, आणि त्या संध्याकाळी घरोघरी डबे उघडले गेले होते. काही भरलेले निघाले. काही मुलांनी पैसे परस्पर चिंचोके नि चकत्या खेळण्यात उडवले होते, त्यांचे कान पिळले गेले. पण जिन्याखाली जमलेली माणसे त्या कान पिळणाऱ्यांतली नव्हती. ती होती रिकाम्या डब्यांच्या घरची.

सगळ्यांचे म्हणणे थोड्याफार फरकाने एकच होते. कुणाचे विजेचे बिल थकले होते, कुणाला औषध आणायचे होते, एकाने सरळ सांगितले की मित्राच्या लग्नात देण्यापुरते कमी पडत होते. वर्ष संपायच्या आत प्रत्येक जण पैसे परत ठेवणार होता. समारंभात डबा भरलेलाच निघाला असता. मुलाला कळलेही नसते. आणि आता या बाईने, म्हणजे मावशींनी, पोरांच्या हातात किल्ल्या देऊन आईबापांना चोर ठरवले होते. एका गृहस्थाने तर तोंडसुख घेता घेता असेही विचारले, की स्वतःला पोर नाही म्हणून दुसऱ्यांच्या घरात काड्या करायची हौस आहे का.

मावशींनी त्याच्याकडे पाहिलेही नाही. बेकरीतली बाई मात्र ओरडत नव्हती. त्या आठवड्यात भट्टीतला एक सबंध घाणा करपला होता आणि मालकाने तिचा पगार कापला होता, हे सगळ्या रस्त्याला माहीत होते. ती हळूच म्हणाली, "मीच तर दिलेले होते तिला, मावशी."

"दिले होतेस ना?"

"हो."

"मग?"

ती फळीवरचा भुगा बोटाने एका जागी लोटत राहिली. बाकीचे बोलतच होते. पण त्यांच्यापैकी एकाही माणसाने, अगदी एकानेही, मुलाला विचारायचे राहून गेले असे म्हटले नाही. गरज खरी होती, तिच्याकडे कुणी बोट दाखवू नये. पोटाला चिमटा घेऊन राहणारी माणसे होती ती. पण शेजाऱ्याकडून वाटीभर साखर घेताना ज्यांना दार वाजवावेसे वाटते, दुकानदाराकडून उधारी मागताना ज्यांची जीभ अडखळते, त्यांना स्वतःच्या आठनऊ वर्षांच्या मुलापुढे दोन वाक्ये बोलण्याचे काही कारण वाटले नव्हते. मुलाला समजत नाही, हे कारण देण्यात आले. त्याच मुलाला बचत समजते, असे मात्र सगळ्यांनी गृहीत धरले होते.

मुख्याध्यापिकांनी मावशींना बोलावून घेतले. पालकांचे अर्ज टेबलावर होते. तिसऱ्या किल्लीची परवानगी मी दिलीच नव्हती, असे बाई म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा असा प्रामाणिक होता, की मावशींना वाद घालावासा वाटला नाही. तोडगा तयार होता. मावशींनी वर्गावर्गांत जाऊन मुलांकडून किल्ल्या गोळा करायच्या, शाळेत जमा करायच्या, आणि राहिलेले निम्मे पैसे त्याच दिवशी घेऊन जायचे. घरमालकाची मुदत आठवड्यावर आली होती. बाईंना ते ठाऊक होते. त्या हे सगळे मावशींच्या भल्यासाठीच सुचवत होत्या.

"मी दिलेली किल्ली मी मागत नाही," मावशी म्हणाल्या.

"अहो, पण तुमची जागा जाईल."

"जाईल."

"लहान मुलं आहेत हो ती. खर्च करून बसतील."

"करू दे की. आताच करू दे, मॅडम. थोडक्यात आहे तोवर."

 मग शाळेने स्वतःच सूचना काढली: उद्या प्रत्येकाने आपल्याकडची किल्ली वर्गात आणून द्यावी. दुसऱ्या दिवशी पाचसहा मुलांनी आणून दिल्या. उरलेल्या सबंध शाळेच्या किल्ल्या एका रात्रीत हरवल्या होत्या. कुणाची गटारात पडली, कुणाची कुत्र्याने नेली, एका मुलाची म्हणे धाकट्या भावाने गिळली. तिसरीच्या बाईंनी गिळणाऱ्या भावाचे नाव विचारले, तेव्हा मुलाला भाऊ नसल्याचे निष्पन्न झाले. शिक्षकखोलीत त्या दिवशी बरेच हसू झाले, पण राहिलेले पैसे मावशींना मिळाले नाहीत. समारंभही रद्द झाला. मुलांना पैशाचे महत्त्व कळत नाही, असा शेरा लिहून उपक्रम गुंडाळण्यात आला.

जिन्याखाली आता मोबाइलची कव्हरे लटकतात. तो तरुण मात्र भला निघाला. पायरीशेजारच्या हातभर जागेत त्याने मावशींना टेबल मांडू दिले, आणि मशीनसाठी आतून वायर ओढून दिली. ऊन चढले की मावशी टेबल भिंतीकडे सरकवतात. मान मात्र अजून वाकलेलीच आहे, जरी वर आता जिना नाही.

तिथे एका दुपारी बेकरीतली बाई आणि तिची मुलगी आल्या. मुलीने शाळेचा डबा टेबलावर ठेवला. जुन्या कुलपाची एक किल्ली शिक्षकांकडे राहिली होती, ती कुठे आहे हे कुणालाच सांगता येत नव्हते. म्हणून तिला नवे कुलूप हवे होते.

मावशींनी विचारले, "कुणाचं?"

"माझं."

मावशींनी तीनचार कुलपे पुढे ठेवली. मुलीने प्रत्येकाची किंमत विचारली, सगळ्यांत स्वस्त जे होते ते ओढून पाहिले, आणि त्याच्या वरचे निवडले. आईने पर्स उघडली, तेव्हा मुलीने मान हलवली आणि डब्यातूनच पैसे काढून दिले. खोक्यांचे पैसे होते. चाकांचे बूट तेवढे लांब गेले. मावशींनी पूर्ण पैसे घेतले, सूट दिली नाही, आणि सुटे मोजून मुलीच्याच हातात ठेवले.

नव्या कुलपाबरोबर दोन किल्ल्या आल्या होत्या. आई शेजारी उभी होती. तिने हात पुढे केला नाही, पण तो पर्सवरून खाली आला आणि तिथेच राहिला. मुलीने दोन्ही किल्ल्या दोऱ्यात ओवल्या आणि गळ्यात घातल्या.

"दोन्ही हरवल्या तर गं?" आईने विचारले. आवाज साधाच होता.

"तर मी मावशींकडे येईन," मुलगी म्हणाली. "मी समोर असले की उघडून देतात त्या." मग थोडा वेळ ती आईच्या हाताकडे पाहत राहिली. "तुला पाहिजे असतील तर मला सांग. मी उघडीन."

बेकरीतल्या बाईने मान डोलावली. मावशींनी कानस उचलली आणि पुढच्या गिऱ्हाइकाच्या हाताकडे पाहिले.